खाली अ‍ॅक्रिलिक, वर इनॅमल: मिनिएचर सैनिक रंगवताना दोन रंगांची जोडी

मिनिएचर रंगवायला बसणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले मिळतात. एक जण सांगतो, अ‍ॅक्रिलिकच घे, ब्रश पाण्यात धुता येतो आणि वास येत नाही. दुसरा सांगतो, इनॅमलशिवाय चेहऱ्याला जीव येत नाही. दोघंही खरं बोलतात. मी गेली बरीच वर्षं दोन्ही रंग एकाच फिगरवर वापरते. त्यांची जोडी जमली की एकट्या रंगाने जे तासन्‌तास घासून मिळत नाही, ते एका संध्याकाळी मिळतं. फक्त कोण खाली आणि कोण वर, हे आधी ठरलेलं हवं.

उदाहरण म्हणून माझ्या टेबलावरचाच सैनिक घेऊ: ५४ मिलिमीटर उंचीचा, दुसऱ्या महायुद्धातला, उन्हाळी खाकी ड्रिलचा गणवेश, डोक्यावर सपाट हेल्मेट, हातात टॉमी गन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन. मी तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान म्हणून रंगवला. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडल्यावर एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा पुतळा त्यांचा नाही. त्यांच्याबरोबरच्या एखाद्या जवानाचा असावा, असं मनात धरून मी तो रंगवला. खाकी कापड, कॅनव्हासचे पट्टे, लाकडी दस्ता, लोखंड आणि सावळा चेहरा एवढं सगळं दोन इंचांत असल्यामुळे शिकायला असा सैनिक फार चांगला.

आधी रंगांचा स्वभाव

इनॅमल म्हणजे आपल्याकडे दारं-खिडक्यांना लावतात त्या ऑइल पेंटचाच धाकटा भाऊ, फक्त पूड फार बारीक दळलेली. आधी त्यातलं टर्पेंटाइनसारखं द्रावक उडून जातं. मग उरलेली राळ हवेतला ऑक्सिजन घेत घेत हळूहळू घट्ट होते. हाताला सहा-आठ तासांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला चार-पाच दिवस लागतात आणि जाड हात असेल तर आठवडासुद्धा. ही मंद चालच त्याचा गुण आहे, कारण तेवढा वेळ रंग ओला राहतो आणि दोन छटा एकमेकींत मिसळता येतात.

अ‍ॅक्रिलिकचं उलटं. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. पंधरा-वीस मिनिटांत पुढचा हात मारता येतो, आणि एकदा पापुद्रा धरला की पाण्याने तो परत विरघळत नाही.

आता जोडीचं गणित. वरच्या रंगाचं द्रावक खालच्या रंगाला विरघळवणारं नसावं. पक्क्या वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला इनॅमलचं द्रावक, म्हणजे व्हाइट स्पिरिट किंवा मिनरल टर्पेंटाइन, फारसं काही करत नाही. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल लावलं, आवडलं नाही, तर स्पिरिटच्या ओल्या ब्रशने पुसून परत खालच्या रंगापर्यंत येता येतं. नवशिक्यासाठी एवढी मोठी सोय दुसरी नाही.

उलट क्रम मी एकदा करून बसले. सदरा इनॅमलने रंगवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटाला कोरडा लागला म्हणून त्यावर अ‍ॅक्रिलिकने पट्टे ओढले. अळूच्या पानावर पाणी राहावं तसे रंगाचे थेंब जमले. मी जोर करून जाड हात दिला, तेव्हा रंग बसला. आठ दिवसांनी पाहिलं तर पट्ट्यांना उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. खालचा इनॅमल अजून आकसत होता आणि वरचा पापुद्रा आधीच ताठ झाला होता. महिनाभराचं काम खरवडून काढावं लागलं आणि सदऱ्यावरच्या बारीक शिवणी त्यात गेल्या.

दुकानात काय मागायचं

इथे सगळ्यात जास्त फिगरी बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगते. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हातात एन. सी. थिनर येतं. ते लॅकरसाठी असतं. अ‍ॅक्रिलिक तर ते उचलतंच, पण खालचं पॉलिस्टायरीन प्लास्टिकही वितळवतं. आपल्याला हवं ते मिनरल टर्पेंटाइन. चित्रकलेच्या दुकानात बिनवासाचं व्हाइट स्पिरिट मिळालं तर उत्तम, बारीक कामाला तेच वापरा.

दुसरा घोटाळा बाटल्यांच्या नावांचा. तामिया ही जपानी कंपनी इनॅमल आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही बनवते. इनॅमलच्या थिनरचं नाव एक्स-२० आणि अ‍ॅक्रिलिकच्या थिनरचं एक्स-२०ए. एका अक्षराचा फरक. चुकीच्या थिनरमध्ये रंग कालवला तर फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. बाटलीच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'इ' आणि 'अ' लिहून ठेवा.

ब्रशने रंगवायचं असेल तर अ‍ॅक्रिलिकमध्ये व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल कलरसारखा पाण्यावरचा रंग घ्या. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे दुसरा हात मारताना पहिला उचलला जातो. एअरब्रशला, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनला, तो सुरेख चालतो, ब्रशला त्रास देतो. इनॅमलमध्ये हंब्रोल कंपनीच्या १४ मिलिलिटरच्या डब्या पुरतात. सुरुवातीला पाच घ्या: ६१ फ्लेश, ६२ लेदर, १८६ ब्राउन, ३३ मॅट ब्लॅक आणि ७२ खाकी ड्रिल. घरात उरलेला दारांचा ऑइल पेंट वापरायचा मोह होईल, पण तो जाड असतो, चकाकतो आणि शिवणी-बटणं बुजवून टाकतो.

ब्रशचे दोन संच ठेवा, एक अ‍ॅक्रिलिकचा आणि एक इनॅमलचा. दांड्याला रंगीत दोरा गुंडाळला की गल्लत होत नाही. इनॅमलचा ब्रश आधी स्पिरिटमध्ये आणि मग अंगाच्या साबणाने धुवायचा. पाण्याचा ओलावा राहिलेला ब्रश इनॅमलमध्ये बुडवू नका. अ‍ॅक्रिलिकसाठी ओली पॅलेट घरीच होते: चपटा डबा, तळाशी भिजवलेला टिश्यू, वर बेकिंगचा कागद. इनॅमलसाठी पांढरी फरशी किंवा जुनी बशी घ्या.

घासणं, जोडणं, अस्तर

फिगर कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या राळेच्या, फिगरवर साच्याचा तेलकट तवंग असतो आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडच्या धारेने हलकेच खरवडा. नंतर करड्या प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, एक पातळ हात द्या.

प्लास्टिकच्या फिगरला अस्तर टाळू नका. उघड्या पॉलिस्टायरीनवर इनॅमलचं थिनर मुरलं की ताण असलेल्या जागी, म्हणजे मनगटात किंवा बंदुकीच्या नळीत, प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. अस्तर आणि अ‍ॅक्रिलिक मिळून ढाल होते.

पहिला थर: अ‍ॅक्रिलिक

इथे फक्त मूळ रंग भरायचे, छाया-उजेड नंतर. रंग पातळ दुधासारखा करा आणि दोन-तीन हात मारा. एकाच जाड हातात झाकायचा प्रयत्न केला की ब्रशचे ओरखडे दिसतात, आणि वर इनॅमलचा वॉश, म्हणजे खाचांत धावणारा खूप पातळ रंग, गेला की ते आणखी उठून येतात. खाकीची छटा डब्यावरच्या नावापेक्षा एक पायरी फिकी घ्या, कारण वरचे थर सगळं गडद करणार आहेत.

चेहऱ्याचा मूळ रंग मी व्हॅलेहोच्या फ्लॅट अर्थ, ७०.९८३, याचे तीन भाग आणि फ्लॅट फ्लेश, ७०.९५५, याचा एक भाग मिसळून करते. 'फ्लेश' नावाच्या बहुतेक बाटल्या गोऱ्या युरोपी कातडीच्या असतात. सातारा-कोल्हापूरकडचा, उन्हातान्हात वाढलेला जवान त्या रंगात रंगवला तर तो आपला वाटतच नाही.

डोळेही याच टप्प्यात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती करणारा हात वेगळा असतो. इथे क्रम उलटा. डोळे आधी काढायचे, कारण चुकलेला डोळा कातडीच्या रंगाने बाहेरून झाकून नीट करता येतो. खोबणीत आधी गडद तपकिरी भरा. त्यावर मळकट पांढरा, म्हणजे पांढऱ्यात टिपूसभर कातडीचा रंग, अशी आडवी रेघ ओढा. शुद्ध पांढरा नको, त्याने सैनिक घाबरलेला दिसतो. मग बुबुळाचा गडद ठिपका. ठिपका वरच्या पापणीला टेकलेला हवा. चारही बाजूंनी पांढरं दिसलं की डोळे वटारल्यासारखे होतात. दोन्ही बुबुळं किंचित एका बाजूला काढली तर तिरळेपणाचा धोका कमी होतो.

आता फिगर झाकून ठेवा. बोटाला कोरडी लागली तरी किमान २४ तास थांबा. पावसाळ्यात मी दोन दिवस थांबते, कारण कोंदट हवेत पाणी उडायलाच वेळ लागतो. या थांबण्यावरच पुढचं सगळं उभं आहे. कच्च्या अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिटचा ब्रश फिरला की रंग उचलला जाऊन खालचं करडं अस्तर दिसायला लागतं.

चेहरा: इनॅमलचं खरं काम

डबी उघडलीत की आधी काडीने तळ ढवळा. नुसती हलवून चालत नाही. इनॅमलला मॅट करणारी पूड तळाच्या गाळात असते. ती वर आली नाही तर मॅट रंगसुद्धा तेल लावल्यासारखा चमकतो. तीन-चार मिनिटं ढवळा, तळाला काडी मऊ फिरेपर्यंत. रंगावर साय धरली असेल तर ती अख्खी उचलून टाका, मोडून आत ढकलू नका.

फरशीवर तीन छोटे ठिपके घ्या. गडद छटा १८६ ब्राउनची. मधली १८६ आणि ६२ लेदर अर्धी-अर्धी. उजेडाची ६२ आणि ६१ अर्धी-अर्धी. उजेडासाठी पांढरा घालू नका. सावळ्या कातडीवर पांढऱ्याने उजळलेला भाग राख फासल्यासारखा दिसतो. उजेड उबदारच हवा.

गडद छटा स्पिरिटच्या एखाद्या थेंबाने सैल करा आणि बारीक ब्रशने एवढ्याच जागी ठेवा: नाकाच्या दोन्ही बाजू, डोळ्यांच्या खोबणीचा आतला कोपरा, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली, हेल्मेटच्या काठाची सावली कपाळावर पडते तिथे आणि हनुवटीच्या पट्ट्याच्या कडेने. हे ठिपके आणि रेघाच आहेत. या क्षणी चेहरा विदूषकासारखा दिसेल, घाबरू नका.

आता दुसरा ब्रश घ्या, मऊ, स्वच्छ आणि पूर्ण कोरडा. त्याचं टोक गडद आणि मूळ रंगाच्या सीमेवर टेकवत राहा. पुसायचं नाही, ओढायचं नाही, पुरणपोळीच्या कडा बोटाने दाबतो तसं हलकं टिपायचं. दर दोन-तीन वेळा ब्रश फडक्यावर पुसा. सीमा विरघळत जाईल आणि गालाखालची सावली हळूच चढेल. अ‍ॅक्रिलिकमध्ये हीच सावली आणायला सात-आठ पातळ थर द्यावे लागतात, कारण तो रंग मिसळायला वेळच देत नाही. इनॅमल वीस-तीस मिनिटं सहज देतं.

लगेच उजेड: नाकाचा दांडा, गालाचं हाड, हनुवटीचा गोल, कानाची वरची कड. तसंच टिपा. मधली छटा दोघांच्या मध्ये, गरज वाटली तरच.

रंग ब्रशला ओढल्यासारखा, चिकट लागला की हात थांबवा. त्या अवस्थेत आणखी टिपलं की बारीक तंतू उठतात आणि चेहरा खरखरीत होतो. उरलेली सुधारणा उद्या. आणि सगळंच बिघडलं असं वाटलं, तर स्पिरिटने जेमतेम ओला केलेला ब्रश फिरवा, फडक्याला पुसा, परत फिरवा. दोन मिनिटांत खालचा अ‍ॅक्रिलिक चेहरा डोळ्यांसकट जसाच्या तसा परत येतो. माझ्या जवानाचा चेहरा मी तीनदा पुसला. चौथ्यांदा गालाखालची सावली अशी बसली की तो उन्हात डोळे बारीक करून बघतोय असं वाटलं, आणि मी तिथेच थांबले.

कापडावर वॉश

खाकीच्या घड्यांसाठी इनॅमलचा पातळ वॉश: एक भाग रंग, नऊ-दहा भाग स्पिरिट. रंग काळा नको. १८६ मध्ये ३३ चा अगदी टिपूस पुरे. काळ्या वॉशने खाकी मळकी दिसते, तपकिरीने ती धुवट, वापरलेली दिसते.

सगळ्या कापडावर वॉश ओतायचा नाही. भरलेल्या ब्रशचं टोक खिशाच्या शिवणीला, पट्ट्याच्या कडेला किंवा घडीच्या तळाला नुसतं टेकवा. पातळ रंग खाचेतून आपोआप धावतो. हे पाहायला फार छान वाटतं. मॅट अ‍ॅक्रिलिकवर तो अडखळत असेल आणि भोवती डाग पडत असतील, तर आधी पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. वीसेक मिनिटांनी, वॉश मंद झाला की जवळजवळ कोरड्या ब्रशने सांडलेला रंग वरून खाली ओढून टिपून घ्या. ब्रश जिथे पोचत नाही तिथे कान साफ करायची कापसाची काडी, स्पिरिटने किंचित ओली केलेली.

घड्यांच्या उंच भागांवर दुसऱ्या दिवशी ७२ खाकी ड्रिलमध्ये थोडा ६१ मिसळून कोरड्या ब्रशने उठाव द्या. कॅनव्हासचे पट्टे सदऱ्यापेक्षा किंचित हिरवट ठेवा, नाहीतर सगळा सैनिक एकाच मातीचा वाटतो.

दस्ता आणि लोखंड

टॉमी गनच्या दस्त्याला अ‍ॅक्रिलिकचा फिका तपकिरी हात. वाळल्यावर १८६ चा पातळ थर सगळीकडे लावा आणि पाच मिनिटांनी कोरडा, थोडा विस्कटलेला जुना ब्रश लांबीच्या दिशेने एकदाच ओढा. केसांच्या रेघा उमटतात आणि लाकडाचे रेषे तयार. लोखंडाला मॅट काळा अ‍ॅक्रिलिक द्या, आणि पूर्ण वाळल्यावर शिसपेन्सिलची पूड बोटाने कडांवर घासा. चंदेरी रंगापेक्षा हे पोलाद जास्त खरं दिसतं.

घरात काम करताना

खिडकी उघडी ठेवा. देवापुढे निरांजन किंवा समई तेवत असेल तर त्या खोलीत टर्पेंटाइन उघडू नका, आणि स्वयंपाकाच्या गॅसजवळ तर नकोच. अ‍ॅक्रिलिकचा ब्रश ओठांनी टोकदार करायची सवय काहींना लागते. ती मुळातच लावून घेऊ नका, कारण दुसऱ्या हातात इनॅमलचा ब्रश आला तरी तोंडाला ते कळत नाही. इनॅमलची फडकी बोळा करून डब्यात कोंबू नका, आत उष्णता साचून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा आणि मग टाका. वापरलेलं स्पिरिट मोरीत ओतू नका. बाटलीत दोन दिवस ठेवलं की रंग तळाशी बसतो आणि वरचं निवळ स्पिरिट ब्रश धुवायला परत चालतं.

शेवटचं वार्निश

आता इथे मात्र इनॅमलवर अ‍ॅक्रिलिक येणार आहे, म्हणजे नियमाच्या उलट. म्हणून घाई नको. वॉश आणि चेहरा पातळ असले तरी चार-पाच दिवस द्या, पावसाळ्यात आठ. नाकाजवळ धरून वास घ्या. टर्पेंटाइनचा वास येत असेल तर तो अजून कच्चा आहे. मग पाण्यावरच्या मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्या, पहिला अगदी धूसर. स्प्रेचा डबा वापरत असाल तर जुलै-ऑगस्टच्या ओल्या दुपारी फवारू नका. हवेतला दमटपणा वार्निशमध्ये अडकतो आणि सैनिकावर पांढरी झाक येते. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की फवारा.

मॅट वार्निशने चेहरा छान मऊ होतो, पण डोळेही धुळकट होतात. म्हणून ते पूर्ण वाळल्यावर सगळ्यात बारीक ब्रशच्या टोकावर ग्लॉस वार्निशचा एक थेंब घ्या, फडक्यावर जवळजवळ सगळा टिपून टाका, आणि उरलेला फक्त दोन्ही बुबुळांना टेकवा. माझ्या जवानाचे डोळे त्या दोन ठिपक्यांनी ओले झाले. मग त्याला पायथ्यावर चिकटवलं, तोंड खिडकीकडे करून.